संसद संथ आहे का? सत्तावीस वर्षं आणि दोन दिवसांचा हिशेब

आटपाडी तालुक्यातली एक मुलगी विट्यात खोली घेऊन राज्यसेवेची तयारी करते. तिने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा:

"काका, महिला आरक्षणाचा कायदा व्हायला सत्तावीस वर्षं लागली. टीव्ही लावला की लोकसभेत नुसता आरडाओरडा आणि कामकाज तहकूब. आमचे आजोबा म्हणतात, पत्री सरकारनं चार वर्षांत केलं तेवढं दिल्लीवाल्यांनी पंचाहत्तर वर्षांत केलं नाही. वडिलांनी डाळिंबाचा विमा भरला होता, भरपाई आली नाही. खासदारांना निवेदन दिलं, फोटो निघाला, पुढे काही झालं नाही. मुलाखतीत संसदेच्या कामावर प्रश्न आला तर काय सांगू? आणि खरं सांगा, खासदाराचा आम्हाला उपयोग काय?"

मी एकवीस वर्षं दिल्लीत खासदारांच्या कार्यालयात काम केलं. दोन खासदार, दोघांचे पक्ष वेगळे, एक लोकसभेतले, एक राज्यसभेतले. प्रश्नांच्या सूचना लिहायच्या, विधेयकांची टिपणं काढायची, समितीच्या बैठकीच्या आदल्या रात्री जागून कागद वाचायचे, हे माझं काम. आता सांगलीत असतो. मूळ गाव पलूस तालुक्यात, त्यामुळे तुझ्या आजोबांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय आणि त्याला हसण्यावारी नेणाऱ्यातला मी नाही. त्याच्याकडे नंतर येतो. आधी तुझ्या सत्तावीस वर्षांचा हिशेब मांडू.

महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत पहिल्यांदा आलं १२ सप्टेंबर १९९६ ला. गीता मुखर्जींच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीने त्याच डिसेंबरात अहवाल दिला, म्हणजे तीन महिन्यांत. मग लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक तिच्याबरोबर गेलं. १९९८ ला पुन्हा मांडलं, १९९९ ला पुन्हा. २००८ ला ते राज्यसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीने पाहिलं, ९ मार्च २०१० ला राज्यसभेने मंजूर केलं. त्यानंतर लोकसभेत ते चार वर्षं चर्चेला आलंच नाही आणि २०१४ मध्ये तेही गेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये नवं विधेयक १९ तारखेला मांडलं, २० ला लोकसभेने ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर केलं, २१ ला राज्यसभेने एकही मत विरोधात न जाता.

आता या सत्तावीस वर्षांत संसद प्रत्यक्ष काम किती करत होती ते मोज. दोन समित्यांचे मिळून दोन वर्षांच्या आसपास. सभागृहातली चर्चा आणि मतदान मोजके दिवस. उरलेली सगळी वर्षं विधेयक कुणीतरी अडवून धरलेलं होतं, किंवा कुणी पुढे रेटायला तयार नव्हतं. जवळजवळ सगळे पक्ष जाहीरपणे बाजूने बोलत होते, आणि तरीही ते कामकाजाच्या यादीवर येत नव्हतं. याला संसदेचा संथपणा म्हणायचं का? मी म्हणत नाही. पक्षांच्या नेत्यांना ते नको होतं आणि नको म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. संसदेची पद्धत आडवी आली असती तर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांत दोन दिवसांत मतदान उरकलं नसतं.

याच विषयातली दुसरी गोष्ट तुला घरबसल्या दिसते. ग्रामपंचायतीत महिलांना एक तृतीयांश जागा देणारी ७३वी घटनादुरुस्ती डिसेंबर १९९२ मध्ये संसदेने मंजूर केली, एप्रिल १९९३ मध्ये ती लागू झाली, आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने तो वाटा निम्म्यावर नेला. तुमच्या तालुक्यात आज जितक्या बायका सरपंच आहेत त्यांच्यामागे ते मतदान आहे. तेव्हा खासदारांची स्वतःची जागा जाणार नव्हती, एवढाच फरक.

म्हणून कुणी "संसदेला इतकी वर्षं लागली" म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, त्यातली किती वर्षं ती कागद वाचत होती आणि किती वर्षं तिला तो कागद दिलाच नव्हता?

आता तहकुबीचं. संसदेचं अधिवेशन कधी भरवायचं, किती दिवस चालवायचं, हे खासदार ठरवत नाहीत, सरकार ठरवतं. घटनेच्या ८५व्या अनुच्छेदात एवढंच बंधन आहे की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू नये. १९५२ ते ५७ च्या पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. २०१९ ते २४ च्या सतराव्या लोकसभेच्या २७४. वर्षाला सरासरी काढली तर १३५ दिवसांवरून ५५ वर. सतराव्या लोकसभेच्या काळात करोना आला हे खरं, पण उतरण त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे आणि ती कुठल्या एका पक्षाची करणी नाही. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्येच सुचवलं होतं की लोकसभा वर्षाला किमान १२० दिवस आणि राज्यसभा १०० दिवस बसावी. त्यानंतर आलेल्या कुठल्याही सरकारने ते मनावर घेतलं नाही. मला स्वतःला वाटतं, अधिवेशनाच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करून कायद्याने बांधून टाकल्या तर अर्धी तहकुबी आपोआप थांबेल. विरोधकांना ठाऊक असतं की हे पंधरा-वीस दिवस गेले की सरकारला विचारायला जागाच उरणार नाही, म्हणून सगळा राग त्या पंधरा दिवसांत फुटतो.

गोंधळामुळे "मिनिटाला अडीच लाख रुपये वाया" असा निरोप दर अधिवेशनात फिरतो. पैशांचं दुःख मला कमी आहे. खरं नुकसान होतं ते प्रश्नोत्तराच्या तासाचं. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न असतात, त्यांना मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं असतं, आणि २३० पर्यंत अतारांकित, त्यांना लेखी उत्तर. गोंधळ झाला तरी तारांकित प्रश्नाचं लेखी उत्तर पटलावर येतंच. मग गेलं काय? पूरक प्रश्न, म्हणजे उत्तर ऐकून त्यावर लगेच विचारायचे प्रश्न. लेखी उत्तर अधिकाऱ्यांनी लिहिलेलं असतं. पूरक प्रश्न मंत्र्याला तिथल्या तिथे पेलावा लागतो. अधिकाऱ्यांच्या दीर्घेतून, म्हणजे गॅलरीतून, चिठ्ठ्या सरकू लागल्या की आम्हाला कळायचं, बाण बरोबर लागलाय. एखाद्या खासदाराने महिनाभर तयारी करून आणलेला असा पूरक प्रश्न अकरा वाजून चार मिनिटांनी तहकुबीत बुडताना मी कितीदा पाहिलाय, आणि दर वेळी पोटात तुटायचं. बातमीत मात्र येतं, "कामकाज दुपारी बारापर्यंत तहकूब."

तरीही टीव्हीवरचा गोंधळ पाहून "इथे काही होत नाही" असं ठरवू नकोस. खरी काळजी उलट्या बाजूची आहे. २०२५ चं पावसाळी अधिवेशन घे. लोकसभा ठरलेल्या वेळेच्या २९ टक्के चालली, राज्यसभा ३४ टक्के. लोक म्हणाले, महिना फुकट गेला. त्याच अधिवेशनात ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत मांडलं, त्याच दिवशी मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर. पैसे लावून खेळायचे मोबाइलवरचे खेळ देशभर बंद. गावोगावची पोरं रमीत घरची जनावरं विकण्यापर्यंत गेलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे बंदीला माझी ना नाही. पण एवढ्या मोठ्या व्यवसायावरचा कायदा दोन दिवसांत, बाकांवर घोषणा चालू असताना मंजूर होतो, याला संथ कसं म्हणणार? सतराव्या लोकसभेत मंजूर झालेल्या विधेयकांपैकी निम्म्याहून जास्त विधेयकं मांडल्यापासून दोन आठवड्यांच्या आत मंजूर झाली. आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात सगळ्या मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या, सुमारे ४२ लाख कोटी रुपयांच्या, लोकसभेत चर्चेशिवाय मंजूर झाल्या.

मग सावकाश, नीट काम होतं कुठे? समित्यांमध्ये. विभागांशी संबंधित स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या. आज त्या २४ आहेत, प्रत्येकीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. दार बंद असतं, कॅमेरा नसतो. त्यामुळे तिथे मी सत्ताधारी पक्षाच्या खासदाराला आपल्याच सरकारच्या सचिवाला घाम फोडताना पाहिलंय. बाहेर आला की तोच खासदार सरकारचं कौतुक करणार, पण आत त्याने विचारलेला प्रश्न नोंदीत राहतो. विधेयक समितीकडे गेलं की वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांची निवेदनं मागवतात. साधा माणूसही पाठवू शकतो. सांगली-साताऱ्याहून अशी निवेदनं किती यायची? माझ्या एकवीस वर्षांत मोजून पाच-सहा पाहिली. आपल्याकडे माणसं कोल्हापूरला मोर्चा नेतील, महामार्ग अडवतील, पण दोन पानं लिहून समितीला पाठवणार नाहीत, कारण तसं करता येतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

तुमच्याकडच्या सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांना विचार. तेजाबात धातू किती वेळ ठेवायचा हे गिऱ्हाईक घाईत आहे म्हणून ठरत नाही. समितीचं तसंच आहे. २०२५ चं नवं आयकर विधेयक फेब्रुवारीत मांडलं, निवड समितीकडे (त्या एका विधेयकापुरत्या नेमलेल्या खासदारांच्या समितीकडे) गेलं, समितीने २८५ सूचना केल्या. सरकारने जुनं विधेयक मागे घेऊन ऑगस्टमध्ये दुरुस्त केलेलं आणलं आणि लोकसभेने गोंधळात काही मिनिटांत मंजूर केलं. टीव्हीवर ती मिनिटंच दिसली. समितीत गेलेले महिने कुणाला दिसले नाहीत. म्हणजे मंजुरीची मिनिटं मोजून काही कळत नाही. त्याच्या आधी समिती बसली होती का, हे पाहावं लागतं. ऑनलाइन गेमिंगच्या वेळी बसली नव्हती. पंधराव्या लोकसभेत १०० पैकी ७१ विधेयकं समितीकडे गेली, सतराव्यात १६. मुलाखतीत कुणी परिणामकारकतेबद्दल विचारलं तर हे दोन आकडे तोंडात असू देत.

सावकाश झालेल्या कायद्याचा फायदा आपल्या मुलखाला कसा झाला ते सांगतो. भूसंपादनाचा जुना कायदा १८९४ चा होता. कोयनेचं पाणी ज्यांच्या शेतावर, देवळावर चढलं त्या माणसांची जमीन त्याच इंग्रजी कायद्याने गेली. पुनर्वसन हा हक्क आहे असं त्यात कुठे म्हटलेलंच नव्हतं, म्हणून त्यांची नातवंडं अजून कागद घेऊन कार्यालयांच्या पायऱ्या चढताना दिसतात. नवं विधेयक २०११ मध्ये मांडलं. ग्रामविकासाच्या स्थायी समितीने त्यावर महिने घातले, लोकसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये आणि राज्यसभेने सप्टेंबरात मंजूर केलं, १ जानेवारी २०१४ पासून लागू झालं. ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला, खासगी प्रकल्पाला ८० टक्के जमीनमालकांची संमती, सामाजिक परिणामांचा अभ्यास. त्यानंतर डिसेंबर २०१४ मध्ये सरकारने वटहुकूम काढून त्यातल्या अटी सैल केल्या. तो वटहुकूम तीनदा काढला, संसदेत मंजूर करून घेता आला नाही, ऑगस्ट २०१५ च्या शेवटी तो संपला. दोन वर्षं घासून बनलेला कायदा टिकला, रातोरात निघालेला वटहुकूम टिकला नाही. त्याच ऑगस्टमध्ये राष्ट्रीय महामार्गांच्या जमिनीलाही नव्या कायद्याचा मोबदला लागू करणारा आदेश निघाला, १ जानेवारी २०१५ पासूनच्या हिशेबाने. रत्नागिरी-नागपूर महामार्गाला जमीन गेलेल्या मिरज, कवठेमहांकाळकडच्या शेतकऱ्याला आणि वीस वर्षांपूर्वी पुणे-बंगळूर रस्त्याला जमीन दिलेल्या त्याच्या पाहुण्याला शेजारी बसव आणि दोघांना हातात काय पडलं ते विचार. संसदेचं काम मोजायचं माझ्या माहितीतलं हेच सगळ्यात खरं माप आहे. (शक्तिपीठ महामार्ग मात्र राज्याचा आहे, राज्याच्या महामार्ग कायद्याखालचा. त्याबद्दल खासदाराला घेराव घालून विधानसभेचं काम लोकसभेकडे मागितल्यासारखं होतं.)

पण समिती म्हणजे रामबाण असंही समजू नकोस, कारण समिती बसूनही चूक राहिल्याचं उदाहरण आपल्या घराघरात पोचलेलं आहे. मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा देणारं विधेयक २०१७ मध्ये राज्यसभेच्या निवड समितीकडे गेलं होतं. राज्यांचा मागासवर्ग ठरवण्याचा अधिकार यामुळे जाईल का, ही शंका तिथे सदस्यांनी बोलून दाखवली होती. समितीच्या बहुमताने अहवालात म्हटलं की जाणार नाही, आणि मजकूर आहे तसा ठेवला. २०१८ मध्ये ती १०२वी घटनादुरुस्ती झाली. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा मराठा आरक्षणाचा कायदा रद्द केला. मुख्य कारण ५० टक्क्यांच्या मर्यादेचं होतं, पण त्याच निकालात तीन विरुद्ध दोन न्यायमूर्तींनी म्हटलं की १०२व्या दुरुस्तीच्या शब्दांप्रमाणे यादी ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे उरत नाही. अहवालात काय लिहिलं होतं ते न्यायालयासमोर होतं, पण शब्द वेगळं सांगत होते. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने १०५वी दुरुस्ती करून राज्यांचा अधिकार परत दिला. ते अधिवेशन पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या वादाने जवळजवळ बंद पडलेलं होतं, तरी या एका विधेयकापुरते सगळे शांत बसले, बोलले, आणि दोन दिवसांत दोन्ही सभागृहांनी एकही मत विरोधात न जाता मंजुरी दिली.

मोर्च्यात चाललेल्या साताऱ्याच्या पोरांना हे कुणी समजावून सांगितलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. २०१७ मध्ये समितीसमोर शंका आली तेव्हा "राज्यांचा अधिकार अबाधित राहील" असं एक वाक्य विधेयकात घातलं असतं तर निदान तेवढं भांडण तरी टळलं असतं. एका वाक्यासाठी एक आठवडा जास्त थांबणं एवढाच तो प्रश्न होता.

ते वाक्य का घातलं जात नाही, याच्यामागे एक कारण आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं. १९८५ च्या पक्षांतरबंदीपासून खासदाराने पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर त्याची खासदारकी जाऊ शकते. आयाराम-गयाराम थांबावेत म्हणून ५२वी दुरुस्ती झाली, हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की विधेयकावर कुणी कितीही अभ्यासपूर्ण बोललं तरी मतं आधीच मोजलेली असतात. माझ्या एका खासदारांनी एका विधेयकातल्या कलमावर सोळा मिनिटं इतकं नेमकं भाषण केलं की समोरच्या बाकावरचे दोघे-तिघे नंतर येऊन "बरोबर बोललात" म्हणाले. आणि मत विरोधात देऊन गेले. सरकार पडण्याचा प्रश्न आणि अर्थविधेयक सोडून बाकी ठिकाणी पक्षादेश काढायची मुभाच नको, असं माझं ठाम मत आहे.

आता "खासदाराचा उपयोग काय" याकडे. गावात खासदाराकडे मागतात समाजमंदिर, हायमास्ट दिवा, पेव्हर ब्लॉक. खासदार निधी वर्षाला पाच कोटी असतो आणि लोकसभेचा मतदारसंघ सहा विधानसभांचा, हा निधी वाटून प्रत्येक गावाला काय येणार? ते काम ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि आमदारांचं. खासदाराकडे मागायची गोष्ट वेगळी असते. ऊसाचं उदाहरण घे. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, संसद ठरवत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज, हेही त्याच आदेशात आहे. २०२२ मध्ये एफआरपीचे दोन हप्ते केले ते राज्याच्या शासन निर्णयाने, आणि तो २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. या सगळ्यात लोकसभेत एकदाही हात वर झाला नाही. आपल्या रोजच्या जगण्याला भिडणाऱ्या बहुतेक गोष्टी अशा आदेशांतून, अधिसूचनांतून, नियमांतून येतात. ते संसदेच्या पटलावर ठेवले जातात आणि क्वचितच कुणी उघडून पाहतं. पण खासदार त्यावर प्रश्न विचारू शकतो, आणि एकदा प्रश्न विचारला की मंत्रालयाला कागदावर उत्तर द्यावंच लागतं.

२००९ मध्ये एफआरपी आली तीच एका वटहुकमातून. राज्याने वरचा दर जाहीर केला तर फरक राज्याने भरावा, असं एक कलम त्यात होतं. नोव्हेंबरमध्ये, मुख्यतः उत्तर प्रदेशातले, ऊस उत्पादक दिल्लीत उतरले, संसदेत विरोधकांनी कामकाज रोखलं, आणि सरकारने ते कलम काढलं. डिसेंबरमध्ये त्याशिवायचा कायदा झाला. त्या दिवसांतही वर्तमानपत्रांनी "कामकाज वाया" असंच छापलं असेल. म्हणून सगळ्याच तहकुब्यांना मी एका तराजूत घालत नाही.

आता तुझे आजोबा. १९४२ ते ४६ च्या प्रतिसरकारने, म्हणजे त्यांच्या पत्री सरकारने, गावोगाव न्यायमंडळं चालवली, सावकार आणि दरोडेखोर वठणीवर आणले, कमी खर्चात लग्नं लावली, आणि लोकांना ते आपलं सरकार वाटलं. ते खरंच आपलं होतं. तुमचं आटपाडी तर औंध संस्थानात, जिथे १९३९ मध्येच राजाने स्वराज्याची घटना देऊन कारभार पंचायतींच्या हाती सोपवला. आजोबांना असलेला अभिमान अगदी योग्य आहे. पण ते न्याय झटपट होत, कारण वादी, प्रतिवादी, बांध आणि बांधावरचं झाड, सगळं पंचांच्या डोळ्यांसमोर असे. आटपाडीचा दुष्काळ, आसामचा पूर आणि केरळची रबराची बाग एकाच कायद्यात बसवायची तर पारावर बसून ते होत नाही. हे क्रांतिसिंहांनाही ठाऊक होतं. १९५७ मध्ये नाना पाटील उत्तर साताऱ्यातून निवडून लोकसभेत गेले, १९६७ मध्ये बीडमधून पुन्हा. प्रतिसरकार चालवलेल्या माणसाला लोकसभेत जाऊन बसावंसं वाटलं, हे आजोबांना एकदा विचार. ते काय सांगतात ते मलाही ऐकायचंय.

आणखी एक. चीनच्या युद्धाच्या वेळी हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून गेले ते नोव्हेंबर १९६२ मध्ये. त्याच नोव्हेंबरात, सीमेवर लढाई चालू असताना, लोकसभेत आठवडाभर चर्चा चालू होती आणि १६५ सदस्य बोलले. नेहरूंना तोंडावर बोल लावणारेही त्यात होते. युद्ध आहे म्हणून चर्चा थांबली नाही. ही आठवण आपण का जपली नाही?

तुझ्या डाळिंबाकडे येतो. निवेदन देऊन फोटो काढला तिथेच काम थांबलं. खासदाराच्या कार्यालयात अशा निवेदनांचे गठ्ठे असतात. त्यातलं जे थेट प्रश्नाच्या साच्यात बसतं तेच पुढे जातं, कारण माझ्यासारखा सहायक रात्री अकराला सूचना टाइप करत असतो आणि प्रत्येक निवेदनातून प्रश्न शोधायला त्याच्याकडे वेळ नसतो. म्हणून प्रश्न तूच लिही. दीडशे शब्दांच्या आत. सूचना पंधरा दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा अधिवेशन सुरू व्हायच्या तीन-चार आठवडे आधी तो खासदारांच्या कार्यालयात पोचू दे, आणि एक प्रत राज्यसभेच्या एखाद्या सदस्यालाही पाठव. मी लिहिला असता तो असा:

"कृषिमंत्री कृपया सांगतील काय: (अ) हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत सांगली जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत डाळिंबासाठी किती शेतकऱ्यांनी हप्ता भरला, आणि किती जणांना किती भरपाई मिळाली, तालुकानिहाय, (ब) आटपाडी तालुक्यातल्या प्रत्येक महसूल मंडळात हवामान केंद्र चालू स्थितीत आहे काय, आणि बंद असलेल्या काळात नुकसान कसं ठरवलं, (क) भरपाईला उशीर झाल्यास विमा कंपनीने व्याज भरल्याची प्रकरणं किती, (ड) नसल्यास, त्याची कारणं काय?"

यात "अन्याय", "बळीराजा" असे शब्द नाहीत हे तुझ्या लक्षात आलं असेल. ते टाकले की अधिकाऱ्याला उत्तराऐवजी सहानुभूती लिहून मोकळं होता येतं. (ब) भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो कुणी गाळायला सांगितलं तरी गाळू नकोस. उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर हिंदी-इंग्रजीत येतं. त्यात "माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल" असं वाक्य आलं तर निराश होऊ नकोस. ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं, त्यासाठी आश्वासनांची वेगळी समिती आहे आणि पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत असते. उत्तराची तारीख वहीत लिहून ठेव, तिथून तीन महिने मोज, आणि त्या दिवशी मला परत लिही. पुढचं पत्र आपण दोघं मिळून लिहू.